पाच फुटांचा दांडा

फिदाभाईंच्या दुकानात मी पिशवीतून स्टीलचा पेला काढून फळीवर ठेवला, तेव्हा त्यांना वाटलं बाई पाणी मागतेय. त्यांनी माठाकडे हात केला.

"पाणी नको," मी म्हटलं. "ह्या पेल्यात घट्ट बसेल असा तारेचा ब्रश द्या."

"पेला घासायला?"

"बॉयलर घासायला."

फिदाभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कोण घासणार?"

"मी."

"मालकांना पाठवा ताई. हत्यार ज्याच्या हातात राहणार, त्याने बघून घ्यावं."

"म्हणून तर मी आले," मी म्हटलं.

या गोष्टीला आता पस्तीस वर्षं झाली. पाचगणीला मुलींच्या एका निवासी शाळेत आमचे मालक बॉयलरवर होते. पंधरा वर्षं. मोठं आडवं लोखंडी पिंप, खाली लाकडाचा जाळ, आणि पिंपाच्या पोटातून आरपार गेलेल्या चोवीस नळ्या. नळ्यांतून धूर जायचा, भोवतीचं पाणी तापायचं, आणि पाचगणीच्या थंडीत दोनशे मुली आंघोळ करून वर्गात जाऊन बसायच्या. एवढंच काम, पण ते थांबलं की शाळा थांबायची.

त्या वर्षी गणपतीत मालकांच्या छातीने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, काजळी गेलीय आत, आता बॉयलरच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. आम्ही राहायचो शाळेच्या खोलीत, बॉयलरला लागूनच. नोकरी गेली की खोली गेली. दोन पोरी शाळेत, गावाकडे दिरांनी आधीच भिंत घातलेली. जायचं कुठं?

मी मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, पायरीवर जाऊन बसले. म्हटलं, बाई, यांचं काम मला द्या. मोठ्या बाई चांगल्या होत्या, पण निर्णय सेक्रेटरी खर्शीकरांचा. त्यांनी वाईचा एक फिटर आधीच बघून ठेवला होता.

"पगार घेऊन असं काम कधी केलंय का?" खर्शीकरांनी विचारलं.

"नाही."

"मग अनुभव शून्य."

"भाकऱ्या पण पहिल्यांदा अनुभव नसतानाच थापल्या होत्या," मी म्हटलं. शाळेत राहून माझी भाषा सुधारली होती, तोंड सुधारलं नव्हतं.

शेवटी असं ठरलं की दिवाळीच्या सुट्टीत बॉयलरची साफसफाई असते, ती मी करून दाखवायची. गुरुवारी पुण्याहून संस्थेचे नवे इंजिनिअर गोगटेसाहेब तपासायला येणार. पास झाले तर काम माझं, नापास झाले तर सुट्टी संपायच्या आत खोली रिकामी करायची. साहेबांचं आधी पत्र आलं. त्यात दोनच गोष्टी होत्या. एक, बॉयलरचं मागचं झाकण उघडून ठेवावं. दोन, जुनी हत्यारं झिजली असतील, जो काम करणार त्याने नवी स्वतः निवडावीत, मी आधी हत्यारं बघतो आणि मग बॉयलर.

मालकांनी अंथरुणावर बसल्या बसल्या यादी सांगितली. "पाच फुटांचा दांडा एक. दोन इंची ब्रश एक. खरवडायला पत्रा. झालं."

"आणि पाना? मागच्या झाकणाला आठ नट आहेत."

"ते झाकण उघडत न्हाई. गंजलंय. म्या सांगतो साहेबाला."

"पत्रात लिहिलंय उघडायचं."

"पत्र लिहायला काय जातंय? उंटावरनं शेळ्या हाकायच्या. तू पाच फुटांचा दांडा आण, बाकी म्या बघतो."

मी मान हलवली. पण माझा स्वभाव असा, की कुणी दोनदा सांगितलं की मला संशय येतो. हे झोपले तशी मी सुतळी घेऊन बॉयलरच्या खोलीत गेले. पिंपाची लांबी मापली, सुतळीला गाठ मारली. नळीच्या तोंडात घरातला पेला घालून बघितला, बरोब्बर बसला. राहिला नट. त्याच्यावर कणकेचा गोळा दाबला आणि ठसा घेतला. मग सकाळची साताऱ्याची एसटी धरली.

तर फिदाभाईंनी माझी सुतळी पट्टीला लावली आणि म्हणाले, "सात फूट. आणि यादीत दांडा पाच फुटांचा? राहिलेले दोन फूट कोण घासणार?"

"तेच मला कळत नाही."

"लांब दांडा का नको म्हणाले?"

"समोर भिंत आहे. सहा फुटांवर. लांब दांडा वळत नाही."

"मग तुकड्याचा घ्या ना." त्यांनी आतून तीन-तीन फुटांचे तीन दांडे आणले. एकाच्या टोकाला पेच, दुसऱ्याच्या टोकाला आटे. "एक आत ढकलला की त्याला दुसरा जोडायचा. भिंत काय करणार?"

मी दांडे जोडले, सोडले, परत जोडले. दोन चांगले बसले, तिसऱ्याचा पेच ढिला होता. "हा बदलून द्या."

"सगळे सारखेच असतात."

"मग बदलायला काय हरकत आहे?"

फिदाभाई हसले आणि बदलून दिला. मग ब्रश. त्यांनी दोन इंची काढला, तो पेल्यात खुळखुळला. पुढचा काढला, तो पेल्यात जाईचना, अंगठ्याने दाबावा लागला.

"हाच घ्या," ते म्हणाले. "नळीपेक्षा ब्रश केसभर मोठा पाहिजे. नाहीतर काजळीला नुसता गोंजारतो. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा ताई. आत घातला की पुढंच ढकलायचा. पार पलीकडे डोकं बाहेर निघेपर्यंत. मधेच मागे ओढला की तारा उलट्या फिरतात, आणि नळीत पाचरीसारखा बसतो. मग देव आला तरी निघत नाही. आणि दांडा उजवीकडेच फिरवायचा. डावीकडे फिरवला की पेच सुटतो, दांडा हातात आणि ब्रश आत."

पान्यासाठी मी कणकेचा गोळा काढला. वाटेत तो चांगलाच वाळला होता. फिदाभाईंनी चार पाने लावून बघितले, पाचवा बसला. लांब दांडीचा घेतला, कारण माझ्या दंडात पुरुषाचं बळ नाही, ते दांडीत पाहिजे. हातोडी निवडायला वेळ लागला. मोठी झोकात उचलली जायची, पण वीस वेळा उचलून बघितल्यावर मनगट बोलायला लागलं. दीड किलोची परत ठेवली, एक किलोची घेतली. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती उभी राहून मी किती वेळा उचलते ते मोजत होती. मोजू देत.

घरी आले, हत्यारं अंथरुणापाशी मांडली. मला वाटलं मालक खूश होतील. त्यांनी दांडे बघितले. तीन. मग पाना बघितला. मग भिंतीकडे तोंड करून झोपले.

"काय झालं?"

"काय न्हाई."

रात्री जेवले पण नाहीत. मी समजले, पुरुषाचा मान दुखावला. बायको हत्यार घेऊन आली, ते पण यादी मोडून. म्हटलं दुखू दे, मान दुखून माणूस मरत नाही.

सोमवारी काम सुरू केलं. मागच्या बाजूला भिंत आणि पिंप यांच्यामध्ये जेमतेम दीड हात जागा. बारीक माणसाचंच काम. आठही नटांवर रॉकेल सोडलं आणि दिवसभर भिजू दिलं. मंगळवारी सकाळी पाना लावून दांडीवर हातोडी मारली. पहिला नट ओरडला, अक्षरशः ओरडला, आणि फिरला. दुपारपर्यंत आठही निघाले. झाकण गंजलं होतं खरं, पण उघडत नव्हतं असं काही नव्हतं. ते उघडायचा प्रयत्नच कुणी केला नव्हता.

मग समोरून नळ्या घ्यायला लागले. ब्रश घालायचा, ढकलायचा, दुसरा दांडा जोडायचा, ढकलायचा, तिसरा जोडायचा. मागे धप्पकन काजळीचा ढीग पडायचा आणि ब्रशचं डोकं बाहेर यायचं. मग परत ओढून घ्यायचा. नाकाला पदर बांधला होता तरी थुंकी काळी यायची. मंगळवारी अकरा नळ्या झाल्या. खर्शीकर दारात येऊन नाकाला रुमाल लावून उभे राहिले.

"जमतंय का?"

"आत येऊन बघा की."

आले नाहीत.

बुधवारी सकाळी खालच्या ओळीत शिरले आणि डाव्या हाताची दुसरी नळी अडली. ब्रश पाच फुटांवर जाऊन थांबला. मी जोर लावला. हलेना. मागे ओढायचा नाही हे डोक्यात पक्कं होतं, पण पुढे जाईना तर करायचं काय? ब्रश नवा, तारा ताठ, म्हणून सरळ न ओढता दांडा उजवीकडे फिरवत फिरवत, बोटबोट मागे सरकवत, कसाबसा बाहेर घेतला. तिसरी नळी बघितली. ती पण पाच फुटांवर. पाचवी पण. बाकीच्या एकवीस नळ्या पुऱ्या केल्या, त्यांतून दिवा धरला की पलीकडचा उजेड दिसत होता. या तिन्हींमध्ये आत काळं काहीतरी बसलं होतं.

मी बराच वेळ तिथं उकिडवी बसले. पाच फूट. पाच फुटांचाच दांडा. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला, नळीत नाही पडला तरी.

घरात गेले. हे चहा पीत होते.

"खालच्या ओळीत काय आहे?"

"कुठं?"

"डावीकडची दुसरी, तिसरी आणि पाचवी."

त्यांनी कप खाली ठेवला. "काजळी असंल."

"काजळीला तारा असतात का? दिव्यात दिसल्या."

मग म्हणाले, "ब्रश हायेत."

"किती?"

"तीनच नळ्यांत हायेत तर तीनच असणार की." मग आवाज खाली आला. "मागचं झाकण उघडायचा कंटाळा केला. म्हटलं, दांडा पुरंल तितकं घालू आन् ओढू. अडकला. सोडवाया गेलो तर दांडा सुटून हातात आला. दुसरा आणला. त्यो बी तसाच."

"आणि तिसरा?"

"तिसऱ्या टायमाला वाटलं, ह्या खेपंला निघंल."

मला इतका राग आला, की हसू पण आलं आणि दोन्ही एकदम आलं म्हणून डोळ्यांत पाणी आलं. शाळेच्या पलीकडच्या अंगाला लहान मुलींचं वसतिगृह होतं. तिथं पाणी कधी नीट तापायचंच नाही. शाळेने पाइप बदलले, पाइपांना सुंभ गुंडाळलं, मोठ्या बाईंनी पुण्याला पत्रं लिहिली. आणि हे पंधरा पावलांवर चहा पीत बसलेले.

"सांगायचं नाही का कुणाला?"

"सांगितलं असतं तर नोकरी राहिली असती का? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"उद्या साहेब दिवा लावून बघणार आहे, तेव्हा मूठ उघडणारच आहे. ती पण माझी!"

"म्हणून तर म्हणत हुतो, पाचच फुटांचा आण."

मी उठून निघाले. दारात पोचले तर मागून आवाज आला, "थांब." हे उठले, तोंडाला उपरणं गुंडाळलं आणि माझ्या मागून बॉयलरच्या खोलीत आले. डॉक्टरने पाऊल टाकू नको सांगितलेल्या खोलीत. मी नको म्हटलं. ते पालथ्या घमेल्यावर बसले.

"मागं वढून निघायचा न्हाई," ते म्हणाले. "पुढंच घालवाया पायजे. दांड्याला ब्रश लावू नगं, नुस्ता दांडा घाल. पाच फूट आन् दोन बोटं. लागला का?"

"लागला."

"आता हातोडीनं हाण. थेट न्हाई, पेच चेपंल. लाकडाचा ठोकळा धर मधी. व्हय, असा. मोठा घाव नगं, बारीक बारीक, पर थांबू नगं."

मी मारत राहिले. ते खोकत राहिले आणि खोकता खोकता मोजत राहिले. "सरकला. दोन बोटं. आजून. रॉकेल सोड. आता परत." एक किलोची हातोडी घेतली ते बरं झालं, दीड किलोची असती तर पन्नासाव्या घावालाच मनगटाने दम टाकला असता. पहिला ब्रश दुपारी निघाला. दुसरा दिवे लागायच्या वेळी. तिसऱ्याने गुरुवारची सकाळ खाल्ली. तो मागे दाणकन पडला तेव्हा यांनी उपरणं सोडलं आणि भिंतीला डोकं टेकलं. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, यांच्याच छातीतून काहीतरी निघालं.

"ते तिन्ही राखेच्या खड्ड्यात टाकून ये," ते म्हणाले.

मी गोळा करायला वाकले आणि जीपचा आवाज आला. साहेब अकराला येणार होते, पावणेदहालाच आले. मागून खर्शीकर आणि मोठ्या बाई.

गोगटेसाहेब शब्दाचे पक्के. बॉयलरकडे बघितलंच नाही, हत्यारांकडे गेले. दांडे जोडून बघितले. ब्रश अंगठ्याने दाबला. "हा कुणी निवडला?"

"मी."

"माप कशाने घेतलं?"

मी पेला दाखवला. त्यांनी ब्रश पेल्यात घालून बघितला आणि पेला जपून खाली ठेवला. मग दिवा घेतला. मी मागे जाऊन एकेका नळीपाशी धरायची, ते समोरून बघायचे. "पुढची. पुढची." चोवीस झाल्या. "चोवीसही मोकळ्या," ते म्हणाले आणि मागच्या बाजूला आले. दीड हाताच्या जागेत तिरके होऊन शिरले आणि त्यांच्या बुटाखाली काहीतरी कुरकुरलं.

त्यांनी वाकून एक ब्रश उचलला. मग दुसरा. मग तिसरा. गंजून गंजून तिन्ही पार करंजीसारखे खुसखुशीत झालेले.

"हे काय आहे?"

खर्शीकर पुढे आले. "नळ्यांत अडकलेले? कुणाचे हे? बघा साहेब, म्हणूनच मी म्हणतो माहितगार माणूस पाहिजे."

आमचे मालक घमेल्यावरून उठले. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण खोकल्याने आधी जागा घेतली. मला दिसलं, हे कबूल करणार. पंधरा वर्षं काम केलेल्या माणसाचं नाव आता खोकला थांबेपर्यंतच टिकणार होतं.

"माझे," मी म्हटलं.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही कामाला कधी लागलात?"

"सोमवारी."

"हा गंज सोमवारचा नाही." त्यांनी नखाने एक तार मोडली. तिची पूड झाली. "दहा वर्षांच्या आतला नक्की नाही."

आता काय करणार? थाप एकदा चुलीवर चढली की उतरवून चालत नाही, भाजावीच लागते. "सोमवारी शाळेच्या सांगण्यावरून लागले," मी म्हटलं. "नळ्या मी आधीपासूनच घासते. यांना दम लागायचा. शिकता शिकता तीन अडकवले."

"पण तुम्ही मला अनुभव नाही म्हणाला होतात!" खर्शीकर म्हणाले.

"तुम्ही विचारलंत, पगार घेऊन केलंय का. पगार घेऊन नव्हतं केलं."

मोठ्या बाईंनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. साहेब माझ्या हातांकडे बघत होते. हातावर चार दिवसांचे फोड होते, दहा वर्षांचे घट्टे नव्हते. मग त्यांनी मालकांकडे बघितलं.

"खरं का, गोळे? तुमचं काम या करायच्या?"

हा माणूस कसा होता ते सांगते. पंधरा वर्षांत, छाती बिघडेपर्यंत, मला त्यांनी बॉयलरच्या खोलीचा उंबरा ओलांडू दिला नव्हता. जेवणाचा डबासुद्धा दारात ठेवायचा. गावात सांगायचे, माझा बॉयलर माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही. खोकला थांबला होता. ते ताठ उभे राहिले.

"व्हय साहेब," म्हणाले. "तीच घासायची. म्या नुस्ता सही करायचो."

साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि रजिस्टर मागितलं. लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "सर्व नळ्या मोकळ्या. हत्यारांची निवड योग्य. सौ. हौसाबाई गोळे यांना या कामाचा दहा वर्षांचा अनुभव."

"साहेब, पण तीन ब्रश अडकवलेत यांनी!" खर्शीकर म्हणाले.

"एकच चूक तीनदा केलेला माणूस चौथ्यांदा ती करत नाही," साहेब म्हणाले. "तुमच्या फिटरने आत्तापर्यंत किती वेळा केलीय?"

खर्शीकरांना ते माहीत नव्हतं.

सगळे गेले. मी झाकण बसवलं, आठ नट आवळले, हत्यारं पुसून खुंटीला लावली. हे घमेल्यावरच बसून होते. मी म्हटलं, चला, तुम्हाला इथं बसायला बंदी आहे. आम्ही दोघं निघालो.

"दहा लिवलं त्यानं," अंगणात पोचल्यावर म्हणाले.

"मग?"

"पयला ब्रश अडकला त्याला बारा झाली."

"मग तिथंच सांगायचं होतं. माझी दोन वर्षं बुडवलीत."

ते थांबले. बॉयलरच्या धुराड्याकडे बघितलं. धूर नव्हता, जाळ उद्यापासून.

"पंधरातली दहा गेली," ते म्हणाले. "पाच तरी राहू दे माझ्याकडं."

तेवढी मी राहू दिली.